मोडीत निघालेलं पितळ आणि एक लाख चाळीस हजारांचा कोर्स

वाचकाचं पत्र, थोडक्यात (ओळख पटेल असे तपशील काढून):

माझं वय ३१. एमबीए करून पुण्यात पाच वर्षं नोकरी केली आणि दोन वर्षांपूर्वी नाशिकला परत येऊन भांडी बाजारातल्या आमच्या तांब्या-पितळेच्या दुकानात बसायला लागले. दुकान आजोबांपासूनचं. लग्नसराई आणि दिवाळी सोडली तर गल्ला हलत नाही. लोक एकतर ऑनलाइन मागवतात, नाहीतर घरातलं जुनं पितळ मोडीत घालून स्टील घेऊन जातात. मागच्या वर्षी मी हट्टाने साठ हजार खर्चून वेबसाइट केली. आठ महिन्यांत ११ ऑर्डरी आल्या. आता मला डिझाइन थिंकिंगचा चार महिन्यांचा ऑनलाइन कोर्स करायचा आहे. फी १,४०,००० रुपये. धंद्यातले प्रश्न सोडवायची पद्धत त्यात शिकवतात. अण्णा म्हणतात, "चाळीस वर्षं गिऱ्हाईकच बघतोय, ते शिकायला पैसे कशाला?" त्यावरून आमचं बोलणं जवळजवळ बंद आहे. हा कोर्स उपयोगी पडेल का? आणि अण्णांना कसं पटवू?

उत्तर:

तुमचं पत्र दोनदा वाचलं. पहिल्यांदा कोर्सच्या फीवर अडकले, दुसऱ्यांदा 'मोड' या शब्दावर. तिथूनच सुरुवात करते.

मागच्या पावसाळ्यात समईच्या दांड्याचा आटा गेला म्हणून मी भांडी बाजारात एका दुकानात बसले होते. एक बाई रिक्षातून पितळेचं घंगाळ घेऊन उतरल्या. दुकानदाराने ते काट्यावर ठेवलं, वजन सांगितलं, मोडीचा भाव सांगितला. बाईंनी मान हलवली. मग काठावर घातलेल्या नावावरून त्यांनी अंगठा फिरवला. आईचं नाव होतं, पुढे १९७४ हे साल. "तिच्या लग्नातलं," असं त्या म्हणाल्या, कुणाकडेही न बघता. पोऱ्याने घंगाळ आत नेलं, बाई स्टीलचे डबे घेऊन गेल्या. दहा मिनिटांत सगळं आटोपलं. हे घंगाळ तुम्ही का देताय, असं त्यांना कोणीच विचारलं नाही. मीही नाही.

तुमच्या दुकानात अशी माणसं रोज येतात. पितळ सोडून चाललेलं गिऱ्हाईक आपल्या पायांनी येऊन तुमच्यासमोर उभं राहतं आणि आपण त्याला वजन सांगून मोकळे होतो. ज्या कोर्ससाठी तुम्ही एक लाख चाळीस हजार मोजायला निघालात, त्याचा पहिला धडा असा तुमच्या काट्यावर येऊन बसलेला आहे.

आता त्या कोर्सबद्दल. डिझाइन थिंकिंग हे नाव ऐकून दबून जाऊ नका आणि त्याला थोतांडही समजू नका. डिझायनर लोक वस्तू घडवताना ज्या रीतीने विचार करतात, ती रीत धंद्याला, सेवेला, दवाखान्याला, शाळेला लावायची, एवढा त्याचा गाभा. हर्बर्ट सायमन या अर्थशास्त्रज्ञाने १९६९ मध्ये मांडलं होतं की, असलेली परिस्थिती हवी तशी बदलण्याचे मार्ग जो आखतो तो डिझाइनच करत असतो. पुढे आयडिओ ही सल्लागार कंपनी आणि स्टॅनफर्ड विद्यापीठातलं डी-स्कूल यांनी त्याला शिकवता येईल असं रूप दिलं. २००८ मध्ये आयडिओचे टिम ब्राउन यांचा लेख हार्वर्ड बिझनेस रिव्ह्यूत आला आणि व्यवस्थापनाच्या जगात हा शब्द सगळ्यांच्या तोंडी झाला. पायऱ्या पाच सांगतात. ज्याच्यासाठी करायचं त्याच्या जागी जाऊन बघा, मग प्रश्न नेमका मांडा, भरपूर कल्पना काढा, त्यातल्या एकीचा कच्चा नमुना करा, आणि तो खऱ्या माणसाच्या हातात देऊन बघा. चुकलं तर मागे या. मागे येणं हा या पद्धतीचाच भाग आहे.

आणि हे तर तुम्हाला माहीत हवंच. चार्ल्स आणि रे ईम्स हे अमेरिकन डिझायनर जोडपं भारत सरकारच्या बोलावण्यावरून इथे आलं, देशभर फिरलं आणि १९५८ मध्ये त्यांनी एक अहवाल दिला. त्यातून पुढे १९६१ मध्ये अहमदाबादची राष्ट्रीय डिझाइन संस्था, एनआयडी, उभी राहिली. भारतात पाहिलेल्या सगळ्या वस्तूंमध्ये त्यांना सर्वांत थोर वाटला तो आपला तांब्या. तो करायचा तर काय काय विचार करावा लागेल, याची त्यांनी लांबलचक यादीच दिली आहे. पाणी किती मावावं, ते भरायचं कसं आणि ओतायचं कसं, हात कोणाचा आणि केवढा, डोक्यावर न्यायचा की कमरेवर, रिकामा असताना तोल कुठे आणि भरल्यावर कुठे, दुसऱ्या भांड्यावर आपटला तर आवाज कसा येतो. आवाजसुद्धा! तुमच्या दुकानात बायका पातेल्यावर बोटाच्या पेराने टकटक करून बघतात, ते याच यादीतलं कलम आहे. तुमच्या मागच्या फळीवर जे रांगेने मांडलंय त्यावरूनच या देशातलं डिझाइनचं औपचारिक शिक्षण सुरू झालं, असं म्हटलं तरी फार चूक होणार नाही.

म्हणून अण्णांचं वाक्य मी उडवून लावणार नाही. चाळीस वर्षं ते गिऱ्हाईक बघताहेत, हे खरंच आहे. फक्त ते गादीवरून दिसतं तेवढं बघताहेत. दुकानाची पायरी न चढणारी बाई त्यांना दिसत नाही आणि दिलेलं भांडं घरी गेल्यावर त्याचं काय होतं तेही दिसत नाही. तुम्ही वेबसाइट केली तेव्हा तुम्हालाही ते दिसत नव्हतं. दोघांचं न दिसणं एकच आहे, आणि मला वाटतं तुमचा अबोला सुटायची जागाही तीच.

न दिसणं म्हणजे काय, ते मी स्वतःच्या अनुभवावरून सांगते. सातपूरच्या एका कारखान्यात मी २६ वर्षं काम केलं. आमच्याकडे जोडणी विभागात सगळ्या बायका. सुट्या भागांचे क्रेट ओढायला आम्ही नव्या ट्रॉल्या आणल्या, रंग दिलेल्या, महागड्या. काही दिवसांत प्रत्येक ट्रॉलीच्या दांड्याला खाली कापडाची चिंधी बांधलेली दिसायला लागली. ऑडिट तोंडावर होतं. स्वच्छतेत गुण जातील म्हणून मी कात्री घेतली आणि सगळ्या चिंध्या कापून टाकल्या. दुसऱ्या दिवशी नव्या बांधलेल्या. पुन्हा कापल्या, पुन्हा बांधल्या. तिसऱ्या खेपेला एका मावशींनी माझा हात धरून मला ट्रॉलीपाशी उभं केलं आणि म्हणाल्या, "ओढून बघा." दांडा माझ्या छातीच्या वर येत होता. भरलेली ट्रॉली त्या उंचीवरून ओढली की खांदे भरून येतात. चिंधी कमरेशी होती. ज्याला मी कचरा समजत होते तो त्या बायकांनी शोधलेला उपाय होता, आणि तो मी रोज बघत होते. आजही तो प्रसंग आठवला की मला वाईट वाटतं. त्यानंतर दांडे खाली घेतले. त्या कामाला वेल्डरचा अर्धा दिवस लागला.

तुमच्या पत्रात काही गोष्टी तुम्ही ठरवूनच टाकल्या आहेत. लोक ऑनलाइन जातात म्हणून धंदा बसला, ही त्यातली पहिली. तसं असेलही. पण मग तुम्हीही ऑनलाइन गेलात तेव्हा ११ जणच का आले? आणि त्याहून मोलाचा प्रश्न असा की ते ११ जण का आले? तुम्ही हा आकडा लाज वाटल्यासारखा लिहिला आहे. मी तुमच्या जागी असते तर आज संध्याकाळी त्या अकराही जणांना फोन केला असता. काय घेतलं, कोणासाठी, दुसरीकडे का नाही घेतलं, आता ते भांडं घरात कुठे आहे? त्यातले सहा जण म्हणाले की आम्ही मूळचे नाशिकचे, भांडी बाजाराचं नाव बघून घेतलं, तर एक वाट दिसेल. वास्तुशांतीला द्यायला घेतलं म्हणाले, तर दुसरी.

दुसरी गोष्ट, "विक्री कशी वाढवू" हा प्रश्न. हा तुमचा प्रश्न आहे, गिऱ्हाइकाचा नाही. तो तसाच ठेवला तर उत्तरंही ठरलेली येतात. सूट द्या, जाहिरात करा, ॲप काढा. या पद्धतीत प्रश्न बदलला की काय होतं त्याचं एक उदाहरण मला फार आवडतं. २००७ मध्ये स्टॅनफर्डच्या एका वर्गाला काम मिळालं, कमी वजनाच्या नवजात बाळांसाठी स्वस्तातला इन्क्युबेटर, म्हणजे बाळाला ऊब देणारी पेटी, करायचा. त्यांच्यातला एकजण नेपाळला जाऊन आला. इस्पितळात इन्क्युबेटर होते, पण रिकामे, कारण बाळं जन्मत होती दूरच्या खेड्यात आणि तिथवर पोचतच नव्हती. झालं, यंत्र स्वस्त करण्याचा प्रश्नच बाजूला पडला. त्यांनी दुपट्यासारखी एक पिशवी केली. आत मेणासारख्या पदार्थाची थैली, ती तापवली की काही तास ३७ अंश ऊब धरून ठेवते. एम्ब्रेस या नावाने ती पुढे आली. तरीही काम संपलं नव्हतं. पहिल्या नमुन्यावर तापमानाची पट्टी होती. महाराष्ट्रातल्याच एका खेड्यात एका आईने सांगितलं की डॉक्टरी औषध फार कडक असतं, म्हणून आम्ही ते कमीच देतो. ३७ वर ठेवा म्हणालात तर मी ३० वर ठेवीन. बाळासाठी ते घातक ठरलं असतं. मग त्यांनी आकडे काढून टाकले आणि ऊब पुरेशी आहे की नाही एवढंच दाखवणारी खूण ठेवली. त्या आईशी बोलायला कोणी गेलंच नसतं, तर?

तुमच्याकडे हे कसं होईल? एक दोनशे पानी वही घ्या आणि पंधरा दिवस फक्त लिहा. मोडीला आलेल्या प्रत्येकाला, वजन करण्याआधी, एकच गोष्ट विचारा: "हे शेवटचं कधी वापरलं होतं?" उत्तर त्यांच्याच शब्दांत उतरवा, आपला अर्थ लावू नका. काही न घेता परत गेलेल्यांचीही नोंद ठेवा. कुठल्या भांड्याला हात लावला, उचलून खाली का ठेवलं. "तुम्ही पितळ घ्याल का हो?" असं चुकूनही विचारू नका. आपल्याकडे माणसं समोरच्याचं मन राखायला हो म्हणतात. पुढे काय करणार ते विचारू नका, मागे काय केलं ते विचारा.

मग ओळखीतल्या पाच-सहा घरी जा. इंदिरानगरला, सिडकोत, गंगापूर रोडला. स्वयंपाकघर बघू द्या म्हणा आणि त्यांची हरकत नसेल तर माळाही. तुमची खरी स्पर्धा त्या माळ्याशी आहे, असा माझा अंदाज आहे. नाशिकच्या किती घरांत सासूची पातेली, आजीचा बंब गोणपाटात बांधून वर पडले असतील!

ते का पडले आहेत, हे मला ठाऊक नाही, ते तुम्हालाच शोधायचं आहे. पण एक शंका बोलून दाखवते. पूर्वी वाड्याच्या दारात "कल्हईऽऽ" अशी आरोळी यायची. भाता चालायचा, भांडं तापायचं, नवसागराची भुकटी पडली की पांढरा धूर उठायचा, कथलाची कांडी टेकवून कापसाच्या बोळ्याने एक फिरकी घेतली की पातेलं आतून आरशासारखं व्हायचं. आम्ही मुलं त्यासाठी जेवण सोडून धावायचो. आता सातव्या मजल्यावरच्या सुनेला पितळी पातेल्यात आमटी करावीशी वाटली तर कल्हई कुठे करून घ्यायची हे तिला माहीत नसतं. कल्हई गेलेल्या पितळेत आंबट शिजवायचं नाही, एवढंच तिने ऐकलेलं असतं. मग ती ते मोडीत घालते. तसं असेल तर तुमच्यापुढचा प्रश्न असा लिहावा लागेल: नोकरी करणाऱ्या, फ्लॅटमध्ये राहणाऱ्या बाईला घरातलं पितळ वापरायचं आहे, पण ते निगुतीने ठेवायची सोय तिच्या आवाक्यात नाही. या वाक्यातून जे सुचेल ते "विक्री वाढवू" मधून कधीच सुचलं नसतं.

सुचलेलं करून बघायला साठ हजार लागत नाहीत. एका सोसायटीच्या सेक्रेटरीला विचारा, रविवारी सकाळी फाटकाशी एक कल्हईवाला बसवा, पुठ्ठ्यावर हाताने पाटी लिहा. तीन हजारांच्या वर खर्च नको. आधीच ठरवा की किती भांडी आली तर पुढचा रविवार करायचा आणि किती आली तर हा विचार सोडायचा. हे आधी लिहून ठेवलं नाही तर नंतर आपण निकाल आपल्याला हवा तसा वाचतो. आणखी एक नमुना याहून स्वस्त आहे. विकलेल्या प्रत्येक पातेल्यात एक चिठ्ठी टाका: कथील २३२ अंशांना वितळतं, म्हणून कोरडं भांडं मोठ्या आचेवर ठेवू नका, कल्हई उडाली की या नंबरवर कळवा. तांब्याच्या बाटलीसोबत दुसरी चिठ्ठी. बाटली आतून काळपट झाली की लोकांना वाटतं दुकानदाराने फसवलं. तो तांब्याचा स्वभाव आहे आणि लिंबू-मिठाने तो डाग जातो, हे आधीच सांगितलं तर ते गिऱ्हाईक तुटत नाही.

अण्णांना पटवायचं कसं, असं विचारलंय तुम्ही. पटवू नका. वही घेऊन त्यांच्या शेजारी बसा आणि विचारा, पुन्हा पुन्हा येणारी तीन घरं कोणती आणि यायची बंद झालेली तीन कोणती. त्यांना नावासकट आठवतील. वहीचं पहिलं पान त्यांच्या सांगण्यावरून भरू दे. वेबसाइटच्या साठ हजारांबद्दल एकदा स्पष्ट बोला, की मी गिऱ्हाइकाला न विचारता ती केली. अण्णांना तेव्हा काय वाटलं हे तुमच्या पत्रात कुठेच नाही, पण त्यांच्या विरोधामागे या कोर्सपेक्षा त्या साठ हजारांची सल जास्त असावी.

एक सावधगिरीही सांगते. सगळ्याच धंद्याच्या दुखण्यावर ही मात्रा चालत नाही. दोन वर्षांपासून न हललेला माल किती किलो आहे, उधारी किती थकली आहे, धातूचा भाव चढला तेव्हा आपण जुन्याच भावाने विकलं का, हे आधी कागदावर काढा. दुखणं तिथे असेल तर ते हिशेबाने सुटेल, गिऱ्हाइकाच्या घरी जाऊन नाही. सिंहस्थाच्या आशेने भांडवल मालात घालायचा मोहही या महिन्यात आवरा. रामकुंडावर येणारा भाविक गोदेचं पाणी न्यायला कोणता गडू घेतो, केवढा, झाकण घट्ट लागतं का, हे पंचवटीत उभं राहून चार शनिवार-रविवार बघा, मग ऑर्डर द्या.

हे फक्त भांड्यांच्या दुकानाचं नाही. अंबडला जॉबवर्क करणाऱ्या एकाने मागे लिहिलं होतं की पार्टी दर पाडून मागते. मी त्याला म्हटलं होतं की तुझा पार्ट ज्या लाइनवर बसतो तिथे एक दिवस उभा राहून बघ. दिंडोरीच्या एका बागायतदार ताईंचं बेदाण्याच्या पाकिटांबद्दल पत्र आलं होतं. त्यांनाही हेच सांगितलं, की पाकीट उघडल्यावर ते घरात कुठल्या डब्यात जातं आणि मूठभर उरलेले बेदाणे शेवटी कोण खातं ते बघा.

आता कोर्स. मी "नको" म्हणत नाही. तुम्हाला पुन्हा नोकरीत जायचं असेल, कंपनीत नव्या वस्तू-सेवा घडवणाऱ्या विभागात, तर प्रमाणपत्राला किंमत आहे. स्वतःच्या दुकानात ते कोणी बघायला येणार नाही. आधी फुकटातलं करून बघा. एनपीटीईएल या आयआयटींच्या ऑनलाइन शिक्षणाच्या संकेतस्थळावर आयआयटी मद्रासच्या प्राध्यापकांचा 'डिझाइन थिंकिंग – अ प्रायमर' हा कोर्स आहे. व्हिडिओ मोफत आहेत, परीक्षा द्यायची असेल तरच फी. आयआयटी मुंबईचं डिझाइन केंद्र १९६९ पासूनचं. त्यांच्या पुढाकाराने चालणाऱ्या डीसोर्स या संकेतस्थळावर देशभरच्या हस्तकलांची माहिती आणि डिझाइनचे धडे मोफत आहेत. पंधरा दिवस वही भरताना रोज रात्री अर्धा तास हे बघा. सकाळी लिहिलेलं रात्री उलगडेल.

त्यानंतरही फी भरावीशी वाटली तर कोर्सवाल्यांना विचारा: मी माझ्याच दुकानाचा प्रश्न घेऊन येऊ शकते का? चार महिन्यांतले किती तास पडद्यासमोर आणि किती प्रत्यक्ष माणसांत? शिकवणाऱ्याने स्वतः कोणतं काम तडीस नेलंय? मागच्या तुकडीतल्या, स्वतःचा धंदा असलेल्या दोघांशी बोलायला मिळेल का? नुसते रंगीत चिकट कागद लावण्याचे सराव असतील तर तिथे जाऊ नका. उत्तरं समाधानाची आली तर खुशाल करा, पण पैसे तुमच्या पुण्याच्या शिलकीतून, दुकानाच्या भांडवलातून नाही. त्या दिवशी तुमच्या हातात भरलेली वही असेल आणि वर्गातल्या कोणाहीपेक्षा तुम्हाला जास्त मिळेल.

आणि कल्हईवाल्याला रविवारी बोलवाल तेव्हा त्याची दिवसाची मजुरी आधी ठरवा. एकही भांडं आलं नाही तरी ती पूर्ण द्या, येण्याजाण्याचं भाडं वेगळं. आदल्या दिवशी त्याच्याकडे जाऊन त्यालाही विचारून घ्या, हल्ली तुमच्याकडे कोण येतं आणि काय घेऊन येतं.